फार नीट रचलेला बंधारा

चाचणी संपली, टाकीतलं पाणी शांत झालं, आणि गंधालीच्या बंधाऱ्यातला एकही ठोकळा जागचा हलला नव्हता. उत्तराने दोनदा मोजून पाहिलं होतं.

मुलुंडला, बंद पडलेल्या एका रंगाच्या कारखान्यामागच्या शेडमध्ये ही प्रयोगशाळा आहे. चाळीस मीटर लांबीची, दोन्ही बाजूंना काचा असलेली टाकी. एका टोकाला लाटा उठवणारी लोखंडी फळी, दुसऱ्या टोकाला गुडघाभर उंचीचा बंधारा. समुद्रात जो लाटरोधक बंधारा बांधायचा, त्याचं चाळीस पट लहान मॉडेल इथे करायचं, त्याच्यावर लाटा सोडायच्या आणि किती ठोकळे निसटले ते मोजायचं, एवढंच इथलं काम. ठोकळे म्हणजे मरीन ड्राइव्हला पडलेले असतात तसले, सिमेंटचे चार पायांचे, पण इथे मुठीत मावणारे. त्यांचे भगवे, पिवळे, निळे पट्टे केलेले असतात, म्हणजे कुठला कुठून कुठे गेला ते फोटोत लगेच कळतं.

त्या दिवशी आधी वादळाच्या लाटा झाल्या आणि शेवटी ती एकटी लाट सोडली, त्सुनामीची. वादळाची लाट आपटते आणि फुटते. ही फुटत नाही. ही चढते, बंधाऱ्यावरून पलीकडे उतरते आणि जाता जाता आतल्या बाजूचे ठोकळे ओढून नेते. १९४५ साली मकरानच्या भूकंपानंतर अशी लाट मुंबईपर्यंत आली होती. बाहेर हे फारसं कुणाला ठाऊक नसतं, या शेडमध्ये ते जेवताना बोललं जातं.

अण्णा काचेला नाक लावून बघत होते. अण्णा म्हणजे इथले निवृत्त संचालक. निवृत्तीला नऊ वर्षं झाली, तरी त्यांनी मान डोलावल्याशिवाय इथला एकही बंधारा समुद्रात जात नाही. ते सरळ झाले, आणि गंधालीकडे न वळता उत्तराकडे वळले.

"उत्तरा, तुझ्या पालखोलच्या वेळी दोन ठोकळे निसटले होते. हिचा एकही नाही."

बोलले ते सहज. म्हाताऱ्या माणसांना आपण कुणाच्या पायावर पाय देतोय हे कळत नाही, किंवा कळतं आणि मजा वाटते. उत्तरा हसली. "हो ना, अण्णा. झकास झालंय," असंही म्हणाली. घरी जाईपर्यंत तिचा जबडा दुखत होता.

पालखोल हे कोकणातलं मासेमारीचं लहानसं बंदर. अकरा वर्षांपूर्वी तिथला बंधारा उत्तराने केला. त्याआधी तिला कुणी विचारत नव्हतं, त्यानंतर ती 'पालखोलवाल्या मॅडम' झाली. परिषदांची बोलावणी आली, पाहुण्यांना शेड दाखवायची तर ती उत्तरानेच, आणि दारातून शिरल्यावर समोरच्या भिंतीवर पालखोलचा मोठा फोटो. अकरा वर्षांत तिने वाईट काम केलं नाही, पण दुसरं पालखोलही केलं नाही. एकच दागिना असला की तो रोज घालावा लागतो.

आणि आता ही गंधाली. बत्तीस वर्षांची, अंधेरीची, नेदरलँड्समध्ये डॉक्टरेट करून दीड वर्षापूर्वी इथे लागलेली. मुरवडी बंदरासाठी दोघींनी दोन आराखडे केले होते. उत्तराचा दोन थरांचा, गंधालीचा एकाच थराचा, म्हणजे निम्म्या ठोकळ्यांत होणारा. उत्तराच्या मॉडेलमधले एकवीस ठोकळे निसटले होते. पुढच्या शुक्रवारी अण्णांची समिती दोनांतला एक आराखडा निवडणार होती. निवडलेलाच होता म्हणा, फक्त शुक्रवार यायचा होता.

राग यावा असं गंधाली काही करायची नाही, हे तर फारच वाईट. उद्धट असती, आळशी असती, निदान इंग्रजी झाडत असती तर उत्तराला जरा आधार मिळाला असता. पण ती सगळ्यांच्या आधी यायची, "मॅडम, तुम्हाला काय वाटतं?" असं उत्तराला विचारायची आणि उत्तर वहीत लिहून घ्यायची. अंबादास तर तिच्यावर पार फिदा. अंबादास गेली सव्वीस वर्षं इथे मॉडेल रचतो. मूळचा जालन्याकडचा, राहायला घाटकोपरला. त्याच्या हातासारखा हात दुसऱ्या कुठल्या प्रयोगशाळेत नाही असं अण्णाच म्हणायचे. उत्तराला तो सव्वीस वर्षं 'मॅडम' म्हणत आला, गंधालीला तिसऱ्या महिन्यातच 'ताई'. त्याच्या बायकोची, द्रौपदीची, जवसाची चटणी गंधालीच्या डब्याशेजारी येऊ लागली. उत्तराला जवसाची चटणी आवडत नाही. तरी ती आपल्याला कुणी दिली नाही हे तिच्या लक्षात राहिलं.

त्याच आठवड्यात, शुक्रवारी, टाकी रिकामी करून मॉडेल उतरवलं. रविवारी दुपारी बोरिवलीच्या घरी उत्तरा चाचणीचे फोटो उघडून बसली. चूक शोधायलाच बसली होती, उगाच सोज्वळपणाचा आव कशाला आणा.

"अगं, पोरगी हुशार आहे. मान्य करून टाक आणि झोप जरा," तिचा नवरा देवदत्त कोचावरून म्हणाला.

"तू गप रे. तुला त्यातलं काय कळतं?"

देवदत्त बँकेत होता. त्याला त्यातलं काही कळत नव्हतं, बायकोतलं थोडं कळत होतं, म्हणून त्याने पेपर तोंडावर ओढला.

तिसऱ्या फोटोवर उत्तराचा हात थांबला. चाचणीआधीचा फोटो. तिने तो मोठा केला, आणखी मोठा केला. प्रत्येक ठोकळ्याचा एक पाय शेजारच्या ठोकळ्याच्या दोन पायांमध्ये बरोबर बसलेला. वरपासून तळापर्यंत, पाण्याखाली जाणाऱ्या रांगांतसुद्धा. ठिपक्यांची रांगोळी घालावी तसं सगळं सारखं. कोरड्या टाकीत स्टुलावर बसून, एकेक ठोकळा हातात घेऊन अंबादासनेच हे रचलेलं असणार.

आणि मुरवडीला हे कोण रचणार? तिथे बार्जवरचा क्रेनवाला असतो. गढूळ पाण्यात त्याला हातभर खालचं दिसत नाही. ठोकळा दोराने खाली सोडायचा, टेकला की हूक सोडवायचा, पुढचा घ्यायचा. पाय अडकला तर अडकला.

म्हणजे लाट गंधालीच्या आराखड्याने अडवलीच नव्हती. ती अडवली अंबादासच्या बोटांनी, आणि अंबादासची बोटं काही मुरवडीला जाणार नव्हती. उत्तराच्या मॉडेलच्या वेळी अंबादास पुतणीच्या लग्नाला गावी गेला होता, आणि ठेकेदाराकडच्या मिथुन नावाच्या पोराने ठोकळे कसेबसे टाकले होते. एकवीस निसटले ते म्हणून.

तिला इतका आनंद झाला की ती उठून चहा टाकायला गेली आणि देवदत्तलाही विचारून आली.

सोमवारी ती सगळ्यांच्या आधी पोचली. गंधाली चार दिवस मुरवडीला मोजणीसाठी गेली होती, बरंच झालं. अंबादास बादलीत ठोकळे धूत बसला होता.

"अंबादास, गंधालीचं मॉडेल तुम्ही हाताने रचलंत?"

"मग काय पायाने रचू, मॅडम?"

"तसं नाही. प्रत्येक पाय अडकवून?"

अंबादास खुलला. "तुमच्या नजरेतून सुटायचं नाही ते. एक पाय मोकळा ठेवला नाही. तीन दिवस लागले. ताईंचं पहिलंच मोठं काम, म्हणलं कमी पडायला नको."

"आणि समुद्रात क्रेनवाल्याला हे जमेल?"

"त्याला काय दिसतंय तिथं?" तो हसला. "त्याचं म्हणजे आंधळी कोशिंबीर."

उत्तराला हवं ते मिळालं होतं. इथे तिने गप्प बसायला हवं होतं. पण जिंकलेल्या माणसाला आणखी एकदा ऐकायचं असतं.

"म्हणजे आजवर असं तुम्ही कुणाचंच रचलं नाहीत, हो ना?"

"असं कसं? तुमचं पालखोल तर याच्यापेक्षा भारी रचलं होतं." ठोकळा पुसत अंबादास म्हणाला. "मी विचारलं होतं तुम्हाला, नुसते टाकू का रचू? तुम्ही म्हणालात, सुबक रचा, अण्णा बघायला यायचेत. ताईंनी तर काहीच सांगितलं नाही. भिंतीवरचा पालखोलचा फोटो दाखवला न् म्हणाल्या, अंबादासभाऊ, मॅडमचं आहे ना, तसंच करा."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. उत्तरा बादलीकडे बघत राहिली. तिला ते सगळं आठवलं. नवी निळी साडी आठवली, अण्णा येणार म्हणून नेसलेली. 'सुबक' हा शब्दसुद्धा तिचाच. समुद्रात पालखोलचे ठोकळे क्रेननेच टाकले होते, ती स्वतः बार्जवर उभी होती, आणि पाणी चहासारखं होतं.

अकरा वर्षं पालखोलचा बंधारा उभा होता तो अजून तशी लाट आली नव्हती म्हणून.

आता हिशेब सरळ होता. उत्तरा गप्प बसली तर गंधालीचं मॉडेल पास, पालखोलही शाबूत, भिंतीवरचा फोटोही शाबूत. बोलली तर दोन्ही गेली. गंधालीला पाडायचं तर स्वतःच्या पायाखालची फळी काढायला लागणार होती. दोन दिवस ती याच्याच भोवती फिरत राहिली. अशी लाट शंभर वर्षांत एखादी, असं तिने स्वतःला सांगितलं. आपल्या हयातीत कुठली येतेय, असंही सांगितलं. खोटं कशाला बोला, पालखोलच्या बंधाऱ्यामागच्या तीनशे घरांची आठवण तिला तिसऱ्या दिवशी आली.

तेव्हा, म्हणजे बुधवारी, तिने टाकी भरून घेतली आणि पाण्यात दोन घमेली शाडू कालवायला सांगितली. पाणी करडं झालं. मग अंबादासला म्हणाली, "आता दोराने सोडा. हात आत घालायचा नाही. आधी गंधालीचा आराखडा, मग पालखोलचा."

"मॅडम, हे कशाला?"

"बघायचंय मला."

सव्वीस वर्षांत अंबादासने इतकं वाईट काम केलं नव्हतं. दर ठोकळ्याला तो तोंड वाकडं करत होता. संध्याकाळपर्यंत गंधालीचा एकेरी थर टाकून झाला. एकटी लाट सोडली. ती चढली, पलीकडे उतरली, आणि ठोकळ्यांचा गडगडाट काचेतून ऐकू आला. पाणी उतरवल्यावर अंबादास मोजायला वाकला. साठापर्यंत मोजून थांबला. उत्तराला बरं वाटलं, अगदी गार पन्हं प्यावं तसं बरं वाटलं, आणि ते पुढचे सोळा तास टिकलं.

गुरुवारी सकाळी पालखोल टाकलं. त्याचे दोन थर होते, म्हणून ते जरा जास्त तगेल असं तिला वाटत होतं. वादळाच्या लाटांत तगलंही. एकट्या लाटेने त्याचा माथाच उतरवला. करड्या पाण्याखाली भगवे, पिवळे, निळे ठोकळे आतल्या बाजूला, जिथे पालखोलच्या होड्या उभ्या असतात तिथे, जाऊन पडले होते.

"माझं चुकलं का?" अंबादासने विचारलं.

"नाही हो. तुमचं नाही."

तरीही ती बोललीच असती असं नाही. बोलायला तिला लावलं ते अण्णांच्या फोनने. दुपारी तीनला आला.

"उत्तरा, उद्या निवड झाली की दोन शब्द तू बोल. गंधालीबद्दल. तू बोललीस तर शोभेल. आणि भिंतीवर आता मुरवडीचा फोटो लावू म्हणतो. पालखोल काय, बरीच वर्षं झाली."

"कुठे लावायचा, अण्णा?"

"तिथेच गं. पालखोलचा उतरवून."

उत्तराने फोन ठेवला. तीनशे घरांनी जे दोन दिवसांत जमवलं नव्हतं ते त्या एका वाक्याने जमवलं. फोटो उतरायचाच असेल तर तो आपण उतरवू, पण त्या जागी हिचा लागणार नाही. ती रात्री जेवली, आणि बऱ्याच दिवसांनी नीट झोपली.

शुक्रवारी समितीत सातजण होते. गंधाली मुरवडीहून आली होती, उन्हाने रापलेली, आणि का कोण जाणे, गप्प. अण्णांनी खूण केल्यावर उत्तरा उठली. हातात टाकीचे नवे फोटो होते. आधी गंधालीचे दाखवावेत असं फार मनात होतं. पण तसं केलं असतं तर पालखोलपाशी पोचेपर्यंत आपली जीभ अडखळेल हे तिला कळत होतं, म्हणून तिने पालखोल आधी काढलं.

"पालखोलच्या बंधाऱ्याची माझी चाचणी चुकीची होती," ती म्हणाली. "ठोकळे मी हाताने रचून घेतले होते. समुद्रात ते तसे पडलेले नाहीत. मोठी लाट आली तर हा बंधारा टिकणार नाही." मग तिने सगळं सांगितलं, शाडूचं पाणी, दोर, माथा उतरल्याचं. शेवटी म्हणाली, "आणि मुरवडीच्या मॉडेललाही हीच पद्धत वापरलीय."

फोटो सातजणांच्या हातांतून फिरून परत तिच्यापाशी आले.

"हे तुला आज सुचलं?" अण्णा म्हणाले. त्यांचा आवाज तिने असा कधी ऐकला नव्हता. "अकरा वर्षांनी? हिची निवड व्हायच्या दिवशी?"

"हो," उत्तरा म्हणाली. दुसरं काय म्हणणार? अण्णांनी बरोबर ओळखलं होतं.

निवड रद्द झाली. दोन्ही आराखडे नव्याने तपासायचं ठरलं. पालखोलला पाणबुडे पाठवायचे, बंदर खात्याला आजच कळवायचं, बंधारा बळकट करायचा, हेही ठरलं. उठताना कुणी तिच्याकडे पाहिलं नाही. 'पालखोलवाल्या मॅडम' हे नाव आता वेगळ्या अर्थाने घेतलं जाणार, हे जिना उतरतानाच तिला कळून चुकलं. पण गंधालीचा चेहरा बघायचा राहिला होता. तेवढ्यासाठी ती शेडमध्ये थांबली.

गंधाली आली. रडलेली होती. उत्तराने मनात तयारी करून ठेवली होती: ती ओरडेल, जळता माझ्यावर म्हणेल, आणि आपण शांतपणे म्हणू, शास्त्र आहे हे, गंधाली.

"सॉरी, मॅडम," गंधाली म्हणाली. "हे मी बोलायला हवं होतं. मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

गंधालीने वही उघडून पुढे धरली. तारीख रविवारची. तिच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं: ठोकळे दोराने सोडले, हात न लावता. खाली निसटलेल्या ठोकळ्यांचा आकडा होता, त्र्याहत्तर.

"चाचणीनंतर माझ्या मनात ते राहिलं होतं. एकही हलला नाही, असं कसं होईल? म्हणून रविवारी एकटीच येऊन ठोकळे टाकले आणि लाट सोडून बघितली. सगळं कोसळलं. बोलणारच होते. मग लक्षात आलं, हे बोलले तर पालखोलचं निघणार. तुमचं नाव..." तिने नाक ओढलं. "मी कॉलेजात असताना पालखोलचा फोटो बघूनच या विषयात आले, मॅडम. माझ्याने नाही झालं. मुरवडीला चार दिवस रोज ठरवत होते आणि रोज गप्प बसत होते."

उत्तरा त्या पानाकडे बघत राहिली. रविवारी दुपारी आपण बोरिवलीत हिची चूक शोधत बसलो होतो, तेव्हा ही इथे एकटी चारशे ठोकळे दोराने सोडत होती. हिने आपलं नाव वाचवायला दोन गावं वाऱ्यावर सोडली. आपण हिचं नाव बुडवायला ती दोन गावं वाचवली. यातलं चांगलं कोण आणि वाईट कोण, हे तिला सांगता येईना. मायेनेसुद्धा ही आपल्यापेक्षा वरचढ निघाली, एवढं मात्र कळलं, आणि त्याचाही हेवा वाटला.

"समितीचा अहवाल मी लिहिणार आहे," शेवटी ती म्हणाली. "हे पान त्याला जोडायला लागेल."

"हो, जोडू ना." गंधालीने डोळे पुसले. मग हळूच म्हणाली, "तारीख घालायलाच हवी का, मॅडम? म्हणजे... रविवारी मला कळलं होतं आणि मी पाच दिवस गप्प बसले, असं दिसेल ना. मला पुन्हा कुणी मॉडेलला हात लावू देणार नाही."

खरंच नसतं दिलं. तारीख खोडायला एक रेघ पुरली असती, आणि ती पोर गप्प कुणासाठी बसली होती हे उत्तराइतकं कुणालाच माहीत नव्हतं. चाचणी म्हटली की तिची तारीख हवीच, हा नियमही होता, आणि तो बरोबरच होता.

"हवी," उत्तरा म्हणाली. तिला बरं वाटलं, आणि ते नियमामुळे की कशामुळे हे तिने स्वतःला विचारलं नाही.